तांदळातला फोन

माझ्या बाबांना झाडं आवडत नसत. डब्लिनजवळच्या ओंगारच्या आमच्या घरामागे दोन खोल्यांएवढं अंगण होतं, त्यात आधीच्या मालकाने लावलेलं एक सफरचंदाचं झाड होतं. पानं पडतात, गटार तुंबतं, म्हणून बाबांनी पहिल्याच हिवाळ्यात ते मुळासकट काढायला लावलं. अशा माणसाने पुढच्या वर्षी तंबू विकत घ्यावा आणि जेवणाच्या टेबलावर तो उलगडून "आता आपण निसर्गाच्या सान्निध्यात राहणार" असं जाहीर करावं, याला काय म्हणायचं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता पन्नाशी ओलांडल्यावरही कळलेलं नाही. त्या वर्षी कोविडमुळे इंडियाला जाणं रद्द झालं होतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती तेव्हा ओंगारच्या मराठी मंडळींनी आपापल्या घरात केक केले, दाढ्या वाढवल्या, ऑनलाइन अंताक्षऱ्या खेळल्या. बंदी उठली तेव्हा त्या सगळ्यांना एकदम, एकाच आठवड्यात, निसर्गाचं वेड लागलं.

बाबा हृदयात बसवायच्या कसल्याशा नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत होते. काय काय बिघडू शकतं याची यादी करणं आणि प्रत्येक गोष्टीपुढे सही करणं हे त्यांचं काम. कॅम्पिंगचीही त्यांनी यादी केली, ती लॅमिनेट केली, आणि तिला भोक पाडून गाडीच्या आरशाला टांगली. खुंटे चोवीस, हातोडी एक, कुकर मोठा, कुकर छोटा, मिसळणाचा डबा, पोळपाट. हो, पोळपाट. बाकीचे लोक जंगलात सॉसेजेस आणि पाव घेऊन जायचे, आम्ही पोळपाट-लाटणं, लसणाची चटणी, मेतकूट, दोन प्रकारची लोणची आणि दहा किलोचा तांदळाचा डबा घेऊन जायचो. तो डबा आईने अकोल्याहून आणलेला, पितळी कड्यांचा, स्टीलचा. विमानात तो तिने कपडे भरून आणला होता. तो गाडीत बसावा म्हणून माझे पाय तीन तास सीटवर वर घेतलेले असत.

आमच्याबरोबर दोन कुटुंबं असत, त्यांची तीन लहान पोरं धरून. जोशीकाका आणि काकू स्वोर्ड्सहून यायचे; काका विमानतळावर नोकरीला होते आणि त्या वर्षी विमानं उडत नसल्यामुळे सतत घरी होते, काकूंच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. दुसरे मंदारकाका आणि अश्विनीकाकू. मंदारकाका ग्रँड कॅनाल डॉकला मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरवाले. आयर्लंडमध्ये येऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण चाळीस झाल्यासारखे बोलायचे. सगळं 'ग्रँड' असायचं. पाऊस पडला तरी ग्रँड, तंबू गळला तरी ग्रँड. शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या म्हाताऱ्याबद्दल ते, 'तो बुवा' या अर्थाने, "युअर मॅन म्हणत होता" असं सांगायचे आणि मग आपल्याच आयरिशपणावर खूश होऊन आमच्याकडे बघायचे. त्यांच्या तंबूत हवेची गादी होती, हवेचा पंप होता, कॉफी दळायचं यंत्र होतं. पहिल्या वर्षी विकलोच्या डोंगरात त्यांनी तंबू उतारावर लावला आणि सकाळी ते दोघं गादीसकट दारापाशी घरंगळलेले सापडले. काकांनी त्यालाही क्रेक, म्हणजे आयरिश धमाल, म्हटलं. अश्विनीकाकूंनी मात्र पूर्ण दिवस मान एका बाजूलाच धरली होती.

मी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि या सगळ्यांना तुच्छ लेखणं हे माझं पूर्णवेळ काम होतं. पुण्यातून चौथी करून आले होते, त्यामुळे मराठी मला यांच्याइतकीच येत होती, पण दीड वर्षापासून मी घरात मराठी बोलणं बंद केलं होतं. आई मराठीत विचारायची, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे, तेही खालच्या पट्टीत, अर्धं गिळून. जेवायला काय करू म्हणून विचारलं की "व्हॉटेव्हर". तंबूच्या कोपऱ्यात कानात इअरफोनची बोंडं घालून पडून राहायचं आणि बाहेरचं सगळं ऐकायचं: चेनी वरखाली होण्याचा आवाज, शेगडीचा सूं सूं आवाज, कबुतरांचं घुमणं, कापडावर टपटपणारा पाऊस, आणि त्या सगळ्यावर जोशीकाकूंचं "अगं बाई, मिठाचा डबा कुठे ठेवला" हे. तंबूत ओल्या मोज्यांचा आणि हिंगाच्या फोडणीचा मिळून एक वास असायचा. तो वास मला आज कुठे आला तर मी थांबते, पण तेव्हा मी नाकाला टी-शर्ट लावून बसायचे, आणि ते आईला दिसेल अशा बेताने.

हे सगळं कशासाठी, तर फोटोंसाठी. पुण्याचे, अकोल्याचे नातेवाईक घरात कोंडलेले होते, आणि बाबा त्यांना रोज सकाळी धुक्यातलं तळं पाठवायचे. तळ्यासमोर आई, हातात स्टीलचा पेला, अंगात माझं जुनं जॅकेट. "हस की जरा, वैशाली." ती हसायची. ती खरंच हसायची, हे मला तेव्हा सगळ्यात जास्त खुपायचं. तिला ते आवडत होतं. तळं आवडायचं, थंडी आवडायची, दहा माणसांचा मसालेभात एका पातेल्यात करायला आवडायचा. आणि दर शनिवारी सकाळी कुठेही असली तरी ती फोन घेऊन रेंज शोधत हिंडायची, कारण शनिवारी ती अकोल्याला आबांशी, म्हणजे तिच्या वडिलांशी, बोलायची. आबांशी बोलताना तिची भाषा बदलायची. पुण्यात आल्यावर सासूबाईंनी हसून हसून घालवलेली वऱ्हाडी त्या वीस मिनिटांत परत यायची. त्या वेळी मी तिच्यापासून लांब जाऊन उभी राहायचे, कोणी ऐकलं तर काय, म्हणून. त्या जंगलात वऱ्हाडी कळणारं कोण होतं, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आम्ही रॉसकॉमनकडच्या एका फॉरेस्ट पार्कात गेलो. तळ्याकाठी तंबूंची जागा होती, तिथे रेंज अजिबात नव्हती. पलीकडे भांडी घासायची मोरी आणि तिला लागून पत्र्याची स्वयंपाकाची शेड होती, तिथे मात्र फोन लागायचा. हे मला पहिल्याच तासात कळलं, कारण मी तेवढंच शोधत होते. शनिवारी सकाळी मी मोरीमागच्या भिंतीला टेकून बसले होते, आणि बाबा फोनवर बोलत मोरीपाशी आले. प्रशांतमामा होता पलीकडे, आईचा धाकटा भाऊ. आबांना गुरुवारी दवाखान्यात भरती केलं होतं. ऑक्सिजन लावला होता. आत कोणाला सोडत नव्हते, पण फोन त्यांच्याजवळ होता आणि ते बोलत होते. "सारखे वैशूला फोन लावून द्या म्हणतायत," असं मामा म्हणत असणार, कारण बाबा म्हणाले, "नको नको, तिला आत्ता काही सांगू नकोस. ती इथे रडून गोंधळ घालेल, तिकडे आबा घाबरतील. उद्या घरी पोचलो की मी शांतपणे सांगतो."

आई अंघोळीला गेली होती. पाच मिनिटांत शेडमध्ये सभा भरली. ही सभा मी जन्मभर विसरणार नाही. जोशीकाकू डोळ्याला पदर लावायच्या बेतात होत्या, पण पदर नसल्यामुळे त्यांनी जॅकेटची बाही लावली. "बरोबर आहे तुमचं समीर," त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या वेळेस मलाही चार दिवसांनीच सांगितलं होतं." हे त्या अभिमानाने सांगत होत्या. मंदारकाका म्हणाले, "एक्झॅक्टली. जाता तर येणार नाहीये. उगाच कशाला अपसेट करायचं? शी'ल बी ग्रँड." अश्विनीकाकू तेवढ्या म्हणाल्या, "पण त्यांना बोलायचंय ना तिच्याशी?" आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या चहाचे कप विसळायला लागल्या. पाच मोठी माणसं, त्यातली चार इंजिनिअर. एका बाईला तिच्या वडिलांशी बोलू न देण्याचं काम त्यांनी पाच मिनिटांत वाटून घेतलं.

मग बाबांना मी दिसले. मला वाटलं ओरडतील. ते जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुग्धा, तू ऐकलंस ना. तू आता लहान नाहीस. आईला सांभाळायचंय आपल्याला. तुझ्यावर विश्वास ठेवू ना मी?" जोशीकाकू म्हणाल्या, "समजूतदार आहे हो ती, आईपेक्षा समजूतदार आहे." मी मान डोलावली. आणि हे लिहायला मला इतकी वर्षं लागली: मला बरं वाटलं. ज्या माणसांची मी दीड वर्ष मनात नक्कल करत होते, त्यांनी मला आपल्यात घेतलं आणि मी लगेच गेले. भीती नाही, काळजी नाही, साधा फुगलेला अहंकार. आबांचा विचार मी त्या क्षणी केला असं मी इथे लिहू शकते, पण तो केला नव्हता.

आता प्रश्न आईच्या फोनचा होता. अकोल्याहून केव्हाही वाजला असता, आणि शनिवार होता. बाबांनी त्यावर जो उपाय काढला तो त्यांच्या हुद्द्याला शोभणारा होता. "तळ्यावर तुझा फोटो काढतो, तुझा कॅमेरा चांगला आहे," म्हणून त्यांनी फोन मागून घेतला. मी धक्क्यावर उभी होते. त्यांनी फोन बंद केला, इकडेतिकडे पाहिलं, प्यायच्या बाटलीतलं थोडं पाणी कव्हरवर शिंपडलं, पुरेसं ओलं दिसतंय का ते उजेडात धरून तपासलं, आणखी थोडं शिंपडलं, आणि मग "अरे अरे अरे!" असं ओरडले. आई अंघोळ करून केस पुसत आली होती, ती धावली. "अहो, काय केलंत! आज आबांना फोन करायचा होता!" बाबांनी ओशाळल्याचं नाटक केलं. "सुरू करू नकोस हं, शॉर्ट होईल. तांदळात ठेवू या. चोवीस तास हातसुद्धा लावायचा नाही." आणि त्यांनी तो शेडमध्ये नेऊन अकोल्याच्या डब्यात, कोपरापर्यंत हात घालून, तांदळात पुरला. काय काय बिघडू शकतं याच्या याद्या करणाऱ्या माणसाने एवढा विचार केला नाही, की या तीन घरांत तांदूळ मोजून काढणारी बाई एकच आहे.

शेडच्या दारातच आई माझ्याकडे वळली. तिचे केस ओले होते, टॉवेल खांद्यावर होता. "मुग्धा, यांच्या कोणाच्याच फोनला रेंज नाही म्हणे, तुझ्या फोनवरून लागतोय का बघ गं. दोनच मिनिटं बोलते. वाट बघत असतील ते."

"नो सिग्नल," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मुलगी खोटं कशाला बोलेल? "असू दे," ती म्हणाली, "उद्या करीन. उद्या रविवार, ते पण निवांत असतील."

त्या दिवशी आईला कोणी काही करू दिलं नाही. "वैशाली, तू बस", "वहिनी, तुम्ही बसा." तिच्या हातातली भांडी काढून घेतली, तिला खुर्ची आणून दिली, खुर्ची उन्हात सरकवली, ऊन लागतंय म्हणून परत सावलीत सरकवली. पुऱ्यांतली सगळ्यात फुगलेली तिच्या ताटात पडत होती. बाबांनी श्रीखंडाचा डबा उघडला आणि पहिला चमचा तिला दिला. तिने तो खाल्ला. "आज काय माझा वाढदिवस आहे का?" असं हसत विचारत ती खुर्चीत बसून राहिली. मी समोरच्या ओंडक्यावर बसून समजूतदारपणे पुरी खात होते.

आबा रविवारी तिकडच्या सकाळी गेले. आमच्याकडे तेव्हा उजाडायचं होतं. पोहे वाढताना बाबांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "गेले आबा. घरी जाऊन सांगू. तू नॉर्मल राहा." मी नॉर्मल राहिले. मी पोह्यांवर लिंबू पिळलं. अश्विनीकाकू शेडच्या मागे जाऊन रडून आल्या आणि "चिलटं गेली डोळ्यात" म्हणाल्या. आईने त्यांना डोळे धुवायला पाणी दिलं.

दुपारी तंबू उतरवायला पुरुष मंडळी गेली आणि आई उठली. "आता पुरे. कालपासून बसवून ठेवलंय मला, हात शिवशिवतायत. निघायच्या आधी मसालेभात करते." जोशीकाकू "अगं नको, सँडविच खाऊ" म्हणत मागे धावल्या, पण मसालेभाताला कोणी अडवू शकत नाही. आईने शेडमध्ये डबा ओढला, कड्या उघडल्या आणि वाटी खाली घातली. वाटी टक् करून आपटली. तिने हात घालून फोन बाहेर काढला, त्याला चिकटलेले दाणे फुंकून टाकले, घड्याळाकडे पाहिलं. "चोवीस तास झाले की!" तिने बटण दाबलं. फोन लगेच सुरू झाला. तिचा चेहरा इतका उजळला, की मी अजून तो तसाच बघू शकते. दारातून ती तंबूच्या दिशेने ओरडली, "अहो! झाला सुरू! तांदळाने खरंच काम केलं हो!"

बाबा हातात हातोडी घेऊन उभेच राहिले. मग फोन थरथरायला लागला. एकामागून एक, थांबेचना. आबांचे अकरा मिस्ड कॉल. मग अकोल्याचा ग्रुप, त्यावर आबांचा चष्म्यातला फोटो, फोटोला हार, खाली हात जोडलेले, आणि त्याच्याखाली सगळ्यांच्या भावपूर्ण श्रद्धांजली. आई उभ्या उभ्या वाचत होती. शेगडीवर तेल तापलं होतं, ते मी बंद केलं. तेवढंच मी केलं.

"कधी?" तिने विचारलं.

बाबा आले होते. "वैशाली, तू आधी बस."

"मी बसणार नाही. कधी?"

"आज सकाळी. तिकडच्या."

"आणि काल?"

मंदारकाका आपल्या बुटांकडे बघत होते. ग्रँड वगैरे काही त्यांना सुचलं नाही. आईने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, त्यांच्यावर ती थांबलीसुद्धा नाही. मग माझ्याकडे पाहिलं.

"काल तुझ्या फोनला रेंज नव्हती?"

दीड वर्षात पहिल्यांदा मी तिला मराठीत उत्तर दिलं. "होती," मी म्हणाले.

तिने वाटी डब्यात परत ठेवली, डब्याच्या कड्या लावल्या आणि फोन घेऊन मोरीच्या पलीकडे झाडांत गेली. अर्ध्या तासाने आली, गाडीत बसली आणि पट्टा लावला. मधल्या वेळात काय झालं तेही सांगते. पोरं भुकेली होती म्हणून जोशीकाकूंनी त्याच तांदळाची खिचडी टाकली आणि मंडळी ती जेवली. आणि बाबा आरशाला टांगलेली यादी काढून सामानावर टिक करत होते. खुंटे चोवीस, हातोडी एक. तेव्हा मला त्यांची किळस आली होती. आता वाटतं, हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. पण किळस पूर्ण गेली आहे असंही मी म्हणणार नाही.

बाबांना आई काही बोलली नाही, त्या मंडळींनाही नाही. जोशीकाकू पुढच्या आठवड्यात डबा घेऊन आल्या, तर आईने डबा घेतला आणि धुऊन परत दिला. मला वाटलं मीही सुटले. तेराव्या दिवशी ती ओट्याशी तो अकोल्याचा डबा घासत होती, मी मदत करायला गेले, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या सगळ्यांना भीती वाटत होती गं. माझी, माझ्या रडण्याची. तुला कशाची भीती होती?" तिने हात पुसले, फोन घेतला आणि मला एक आवाज ऐकवला. शनिवारी सकाळी, मी "नो सिग्नल" म्हणाले त्यानंतर थोड्याच वेळाने, आबांनी पाठवलेला. मधे मधे श्वास लागत होता. "वैशू, माय, कामात असशीन तू. काई नाई, तुहा आवाज आयकाव वाटलं. इथं जेवन बरं हाये, फकत भात कच्चा रायते. मोकळी झाली का फोन कर."

तिने तो दोनदा लावला. मग फोन कपाटात ठेवला आणि डबा घासायला लागली.

तंबू पुढे कधी निघाला नाही. बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आई ऐंशीची आहे, ओंगारच्याच घरी एकटी राहते आणि मी कॉर्कला. आम्ही दर शनिवारी बोलतो, मराठीत. एखाद्या शनिवारी मी मीटिंगमध्ये असते, गाडी चालवत असते, कुणाबरोबर जेवत असते, आणि तिचा फोन आला की पटकन म्हणते, "आई, जरा नंतर करते गं." ती कधी रागावत नाही. पुण्याने घालवलेल्या त्या भाषेत, त्याच चालीवर, अगदी सावकाश म्हणते, "मोकळी झाली का फोन कर." आणि ठेवते.

मी गाडी कडेला घेते आणि लगेच फोन लावते.